पोटातलं पाणी

एखाद्या गाडीचं किंवा रस्त्याचं कौतुक करायचं झालं की आपल्याकडे माणूस म्हणतो, 'पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही.' वाक्य नीट ऐकलं तर गंमत वाटते. प्रवास सुखाचा झाला असं तो म्हणत नाही. जे व्हायचं होतं ते झालं नाही, असं म्हणतो. पाणी हलणं हा नियम आणि न हलणं हा अपवाद, हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

मी हिंगोली जिल्ह्यातला, सेनगाव तालुक्यातल्या एका गावचा. इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. गावाकडे आमची एक जुनी मारुती ८०० आहे. तिचे चारही शॉकअप मागच्या वर्षी बदलून घेतले. त्या निमित्ताने जे वाचत गेलो, विचारत गेलो, त्यातून हा लेख झाला. तो गाडीबद्दल कमी आणि रस्त्याबद्दल जास्त आहे. खरं तर दोघांमध्ये सापडलेल्या माणसाबद्दल आहे.

आधी शब्द. पाठ्यपुस्तकात 'धक्काशोषक' असं छापलेलं असतं, पण तसं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. गॅरेजात तो 'शॉकअप'. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची शेपटी तुटून हा शब्द झाला असावा. नाव मराठी असो की इंग्रजी, ते दिशाभूल करणारंच आहे. खड्ड्याचा धक्का शॉकअप झेलत नाही, तो स्प्रिंग झेलते. पण स्प्रिंगला एक खोड असते: तिने घेतलेलं ती परत देते. खाली दबली की वर उसळते, वरून पुन्हा खाली, आणि हे चालूच राहतं. तो हेलकावा मारून टाकणं एवढंच शॉकअपचं काम. आत एक नळी, नळीत तेल, तेलात बारीक छिद्रं असलेला दट्ट्या. दट्ट्या खालीवर होताना तेल त्या छिद्रांतून मुश्किलीने जातं, आणि हेलकाव्यातला जोर तेल तापण्यात खर्च होतो. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहा, चटका बसतो. पोटातलं पाणी हलवणारा जोर तिथे उष्णता होऊन बसलेला असतो.

आता बैलगाडी घ्या. तिला स्प्रिंगही नाही आणि शॉकअपही नाही. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मध्ये तुंबा, तुंब्यात आख, आणि आखावर थेट साटी. चाकाला दगड लागला की तो धक्का साटीवर बसलेल्या माणसाच्या मणक्यापर्यंत विनाअडथळा पोचतो. तरी आमच्या पणज्या-खापरपणज्या याच गाडीत बसून औंढा नागनाथच्या जत्रेला गेल्या. कारण गाडी चालायची बैलाच्या चालीने. तासाला तीन-चार किलोमीटरच्या वेगात धक्का लागतो, पण उसळी येत नाही. खाली कडबा अंथरायचा, वर गोधडी घालायची. शिवाय गाडीचे सांधे वादीने आवळलेले असत. ते थोडे कुरकुरत, सरकत, एकमेकांवर घासत. त्या घासण्यात बराच धक्का जिरून जाई. तेलाचा शॉकअप यायच्या कितीतरी आधी माणसाने घर्षणाला कामाला लावलं होतं, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी वस्त्यांची नावं आहेत. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमात चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती, तिची ही आठवण. वऱ्हाडाच्या सीमेवरचं हे ठाणं. तोफखान्यात मोहल्ला राहिला आहे, तोफा गेल्या. त्या काळी तोफगाड्याला कमान नसे. बैलांनी किंवा घोड्यांनी तो ओढायचा आणि काळ्या मातीत रुतला की माणसांनी चाकाला खांदा लावायचा. कमान असे ती साहेबांच्या बग्गीला आणि पुढे भाड्याच्या टांग्याला. ही कमान म्हणजे एकावर एक ठेवून आवळलेले पोलादी पाटे. लंडनच्या ओबडाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याने १८०४च्या सुमारास अशा लंबगोल कमानी घोडागाडीच्या आसाला बसवल्या, आणि गाडीच्या बांधणीतलं जडपण बरंच कमी झालं.

पाट्यांच्या कमानीची एक गोष्ट इंजिनिअरिंगच्या वर्गात घाईघाईत सांगून टाकतात, पण पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली तीच आहे. पाटे दबताना एकमेकांवर घासतात. म्हणजे कमानीच्या पोटातच एक ओबडधोबड शॉकअप असतो. म्हणून टांग्याला वेगळा शॉकअप लागला नाही. पहिल्या मोटारींनाही लागला नाही. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी कारखान्यातून शॉकअपशिवायच बाहेर पडत असे. ज्याला हवा त्याने बाजारातून आणून बसवावा.

त्या बाजारात एक मजेदार माणूस होता. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा क्लॉड फॉस्टर. त्याला संगीताची आवड होती. गाडीच्या धुराच्या दाबावर वाजणारा एक भोंगा त्याने बनवला आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूताच्या नावावरून त्याला 'गॅब्रिएल' असं नाव दिलं. भोंगा खपला. मग त्याने स्नबर नावाचं उपकरण काढलं. त्यात जाड कापडी पट्टा गुंडाळलेला असे. स्प्रिंग दबताना पट्टा सैल, उसळताना घट्ट. म्हणजे फक्त उसळीला लगाम. पुढे तेलाचे शॉकअप आले. फ्रान्सच्या मॉरिस उदाई याच्या नावाचे शॉकअप १९२७च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला कारखान्यातच बसवून येऊ लागले. फॉस्टरचा पट्टा अडगळीत गेला, त्याने ठेवलेलं नाव मात्र टिकलं. हिंगोलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात आजही ते नाव असलेला खोका मिळतो. काउंटरमागच्या माणसाला मी सांगितलं की हा गॅब्रिएल म्हणजे तुमचे हजरत जिब्राईल. तो खोका फिरवून बघत राहिला, मग म्हणाला, 'म्हणजे निरोप आणणारे. शॉकअपचं काम उलटं हाय की. रस्त्याचा निरोप वर पोचू द्यायचा नाही.' इतकी नेमकी व्याख्या मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती.

आता रस्ता. हिंदुस्थानात मोटारी वाढू लागल्या तेव्हा रस्ते बैलगाडीच्या धावांनी चिरलेले होते, आणि ते नीट करायला प्रांतांकडे पैसा नव्हता. १९२७ साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, आपल्याकडे कायदेपंडित आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून जे माहीत आहेत तेच. पुण्यात त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात बसणाऱ्या मुलांना त्यांनी रस्त्यांसाठी काय केलं ते सहसा ठाऊक नसतं. समितीने सुचवलं की पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस. गाडीवाल्याने रस्त्यासाठी पैसे द्यायचे, हा आज आपल्याला इतका साधा वाटणारा हिशेब तेव्हा ठरला.

हिंगोली मात्र निजामाच्या मुलखात, परभणी जिल्ह्यात. तिथे मोटारीचा कारभार वेगळ्या वाटेने आला. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली स्वतःची बससेवा काढली, २७ बसगाड्या आणि १६६ माणसं घेऊन. रेल्वेनेच बस चालवायची ही कल्पना त्या काळी नवी होती. पण एवढ्याशा बसगाड्यांनी एवढ्या मोठ्या संस्थानात किती गावं जोडली जाणार? १९४३ साली नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. शेतीने पिकत्या मुलखातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असं त्यात होतं. पाच मैल! आमच्या गावाला ही चैन वाटली असती.

१९४८च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६१ साली मराठवाड्याची सरकारी बससेवा एसटीत विलीन झाली आणि लाल गाडी आमच्याकडे आली. एसटीच्या शेवटच्या बाकाबद्दल वेगळं सांगायला नको. मागच्या आसाच्याही मागे बसलेला माणूस तरफेच्या लांब टोकावर असतो. चाक वीतभर उचललं की तो हातभर उडतो. कॉलेजची मुलं मुद्दाम तिथे बसत, कारण उडण्यातही एक मजा असते, पाठ वीस वर्षांची असेल तर.

१९६२ साली पंचायत समित्या आल्या आणि बीडीओची जीप गावोगाव फिरू लागली. ही जीप मुंबईत महिंद्राने विलीजच्या परवान्याने जोडायला सुरुवात केलेली. चारही चाकांना पाट्यांच्या कमानी आणि सोबत दुर्बिणीच्या नळीसारखे एकात एक सरकणारे शॉकअप. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा शॉकअप आमच्या जिल्ह्यात सुटा भाग म्हणून मिळू लागला त्यामागे सरकारी धोरण आहे.

स्वातंत्र्यानंतर मोटारी जोडणाऱ्या परदेशी कंपन्या इथे होत्या. जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत गाड्या जोडत होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की जो कारखानदार टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवणार असेल त्यालाच परवानगी. जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात फियाट ११०० बनवत राहिली, जिची पुढे पद्मिनी झाली. भाग इथे बनवायचे म्हटल्यावर भाग बनवणारे हवेत. १९६१ साली गॅब्रिएल इंडिया ही कंपनी निघाली, अमेरिकन सहकार्याने, मुंबईत मुलुंडला. पुढे तिचे कारखाने नाशिकला आणि चाकणला झाले. बंद दाराच्या अर्थव्यवस्थेबद्दल माझ्या पिढीला वाईटच शिकवलेलं आहे. वीस-वीस वर्षं एकच गाडी, वाट पाहण्याच्या याद्या, ते सगळं खरं आहे. पण हिंगोलीसारख्या ठिकाणी जुनी गाडी जगते ती याच काळात उभ्या राहिलेल्या सुट्या भागांच्या जाळ्यावर, हेही मान्य करावं लागतं.

यानंतर १९७२.

मराठवाड्यात '७२ म्हटलं की पुढे 'चा दुष्काळ' म्हणावं लागत नाही. पिकं गेली, विहिरी आटल्या, आणि सरकारने कामं काढली. नालाबंडिंग, पाझर तलाव, आणि सगळ्यात जास्त डोळ्यांसमोर राहिलेलं काम म्हणजे खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. माझी आजी त्यांतली एक. तेव्हा तिचं वय विशीतलं, कडेवर माझे बाबा. डोक्यावर फाटकं लुगडं, हातात हातोडी, समोर दगड. खडी मोजून घेत, मापात बसली नाही तर पुन्हा फोडायला लावत. दुपारी सुकडी मिळे. सुकडीचं नाव काढलं की आजी आजही तोंड वाकडं करते, आणि लगेच म्हणते, 'पण तिनंच जगिवलं बाबा.'

या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ सालचा, अंमल १९७९पासून. वि. स. पागे यांचं नाव त्यासाठी आदराने घेतलं जातं आणि ते घेतलंच पाहिजे. पण रस्त्याच्या अंगाने पाहिलं तर त्या योजनेत एक अट होती: खर्चातला किमान ६० टक्के भाग मजुरीवर जायला हवा. योजना माणसं जगवायची होती, म्हणून अट रास्त होती. मात्र रस्ता ही महाग वस्तू आहे. डांबर, रोलर, मोऱ्या, पूल, गटारं, हे सगळं उरलेल्या ४० टक्क्यांत बसवायचं. परिणामी मातीकाम आणि खडीकाम भरपूर झालं, वरचं काम राहिलं. कागदावर रस्ता झाला होता. पावसाळ्यात मात्र तो पुन्हा शेत होई. नंतर डांबर पडलं तेही या पायावर.

आणि पाया काळ्या मातीचा. आमची माती कापसाला, हळदीला, सोयाबीनला चांगली, रस्त्याला वैरी. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हात आकसतं. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. रस्त्याच्या मधल्या भागावर डांबराचं झाकण असतं, तिथली ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र दरवर्षी फुगते आणि बसते. मग कडा खचतात, लांबच लांब भेगा जातात, आणि पृष्ठभागाला लाटा येतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर १९७०च्या दशकात फार मोलाचं काम केलं. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा, ढोबळमानाने मीटरभराचा, थर दाबून बसवला तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. उत्तर उपलब्ध होतं. पण मीटरभर चांगला मुरूम सगळ्या लांबीला टाकणं म्हणजे ट्रकच्या ट्रक आणि पैसाच पैसा, आणि गावरस्त्याच्या अंदाजपत्रकात तो कधीच नसतो.

लाटांचं गणित मात्र मजेशीर आहे. कुठल्याही मोटारीचं धूड स्प्रिंगांवर हलवलं तर ते सेकंदाला साधारण एक ते दीड हेलकावे घेतं. ही तिची स्वतःची लय. आता समजा रस्त्यावर आठ-आठ मीटरवर लाट आहे आणि तुम्ही ताशी ४० किलोमीटरने चालला आहात, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तर सेकंदाला सुमारे १.४ लाटा चाकाखालून जातात. गाडीची लय आणि रस्त्याची लय जुळली. झोक्याला दर वेळी नेमका धक्का दिल्यासारखं होतं. दहा किलोमीटरमध्ये असे साडेबाराशे धक्के. शॉकअप धड असेल तर तो प्रत्येक झोका तिथल्या तिथे मारतो. गेला असेल तर गाडी होडी होते.

मुरमाच्या रस्त्यावर आडव्या पट्ट्या पडतात, पत्र्यासारख्या, ते प्रकरण वेगळं. त्या ७० सेंटीमीटरवर असतील तर ताशी ३० किलोमीटरला सेकंदाला बारा ठोके बसतात. ही चाकाच्या उसळीची लय. चाक रस्त्यावर टेकायच्या ऐवजी नाचतं, आणि नाचणाऱ्या चाकाला ब्रेक लागत नाही. या पट्ट्या गाड्यांच्या खराब शॉकअपमुळे पडतात असं मी समजत असे. पण २००७ साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाळूवर साधं चाक फिरवून दाखवलं की स्प्रिंग-शॉकअप नसतानाही एका वेगाच्या पुढे पट्ट्या पडतातच. म्हणजे त्या गुन्ह्यातून तरी शॉकअप निर्दोष सुटला.

माणसाच्या शरीरालाही अशी लय आहे. बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातले उभे हादरे सगळ्यात जास्त बाधतात, पोटातली इंद्रियं आणि मणके त्याच्याशी ताल धरतात. पोटातलं पाणी हलतं ते इथे.

ते सगळ्यात जास्त कुणाचं हललं? माझ्या मते काळी-पिवळीतल्या लोकांचं. नव्वदच्या दशकात एसटी पुरेना आणि कमांडर जीप, ट्रॅक्स या गाड्या फाट्याफाट्यावर उभ्या राहिल्या. नऊ-दहा जणांच्या गाडीत पंधरा-सोळा, टपावर वेगळे, मागच्या फळीवर लोंबकळणारे वेगळे. एवढ्या ओझ्याखाली कमान सपाट होई. मालक काय करी? शॉकअप बदलत नसे. पाटा वाढवून घेई. आणखी एक पाटा टाकला की गाडी उचलते, जास्त माणसं बसतात. शॉकअप मेला तरी पाट्यांचं घासणं थोडाफार हेलकावा आवरतं, त्यामुळे गाडी चालत राही. वर माणसं कशी हाडं खिळखिळी होऊन उतरतात ते उत्पन्नाच्या वहीत येत नाही. बाळंतपणाला निघालेल्या बायका याच गाड्यांत, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला 'हळू घे रे बाबा' म्हणत गेल्या. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली ती २०१४ साली.

आमची मारुती १९९८ची. तिच्यावर एमएच-२२ आहे, परभणीचा नंबर. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि एमएच-३८ आला. त्यामुळे गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी आहे, असं बाबा पाहुण्यांना सांगतात. तिला चारही बाजूंना गुंडाळीची स्प्रिंग. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांत १९५०च्या सुमारास आली आणि छोट्या स्वस्त गाड्यांचं तिने भलं केलं. जागा कमी, भाग कमी. पण गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये घासायला काही नसतं. पाटा स्वतःला थोडं आवरतो, गुंडाळी अजिबात आवरत नाही. जीपमध्ये शॉकअप मेलेला कळत नाही तो मारुतीत पहिल्या गतिरोधकावर कळतो.

बाबा तरी दोन वर्षं म्हणत होते, चालतंय. मग आजीच्या पाठीत कळ आली. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की हाडं ठिसूळ झाली आहेत, एक मणका दबला आहे, हादरे टाळा. तपासणीला महिन्याला नांदेडला न्यायचं होतं. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर, नांदेड. हिंगोलीपासून पुढे आता १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चांगला झाला आहे. अडचण गाव ते हिंगोली. ज्या रस्त्याची खडी तिने फोडली, त्यातला एक तुकडा याच वाटेवर आहे. 'इथं व्हते मी,' असं म्हणून ती काच खाली करून एका लिंबाकडे बोट दाखवते. कधी अभिमानाने म्हणते, कधी नुसतंच.

मिस्त्रीने आधी बॉनेटवर दोन्ही हातांनी वजन टाकलं आणि सोडून दिलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, मग कुठे थांबली. चांगल्या शॉकअपची गाडी वर येऊन तिथेच थांबते. मग चाकांवरून हात फिरवला. टायर एकसारखा झिजला नव्हता, वाट्या-वाट्या पडल्या होत्या, म्हणजे चाक नाचत होतं. खाली वाकून पाहिलं तर पुढच्या दोन्ही नळ्यांवर तेलाचे ओघळ आणि त्यावर धूळ. 'पुढचे दोन्ही गेलेत. मागचा एक जित्ता हाय, पर त्याचं काही खरं नाही.'

बाबांनी विचारलं, रिपेअर होतील का? होतात. नळी कापून सील बदलतात, तेल भरतात, पुन्हा वेल्डिंग करतात. नव्याच्या मानाने स्वस्त पडतं, आणि ते करणारे कारागीर हाताने इतके पक्के असतात की बघत राहावं. पण छिद्रांवरच्या पातळ चकत्यांचा ताण मूळचा राहत नाही, आणि चारही शॉकअप चार तऱ्हेचे होतात. मी नवे म्हणालो. बाबांनी आजीकडे पाहिलं आणि वाद घातला नाही.

काम सकाळी सुरू झालं. मागचे सोपे, दोन-दोन बोल्ट, पण गंजलेले. डिझेल टाकून चहा प्यायला, मग हातोडी. पुढचं काम जिकिरीचं. चाक काढायचं, ब्रेकचा पाइप मोकळा करायचा, खालचे बोल्ट, बॉनेटखालचे नट, आणि सगळा खांब बाहेर. मग दोन लांब शिकंज्यांनी स्प्रिंग दोन्ही बाजूंनी सारखी आवळायची आणि मगच वरचा नट सोडायचा. स्प्रिंग आवळलेली नसताना तो नट सुटला तर वरची थाळी तोफेसारखी उडते. मिस्त्रीच्या पोराला त्याने समोर उभं राहू दिलं नाही. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खालीवर केला, आतली हवा वर निघून जावी म्हणून. वरचं माउंटिंग आणि रबरी स्टॉपर नवेच घातले. जुने ठेवले असते तर महिनाभरात खडखड सुरू झाली असती. मागचे रबरी बुश असलेले बोल्ट त्याने गाडी जॅकवर असताना पक्के आवळले नाहीत. गाडी चाकांवर उतरवून, वजन पडल्यावर आवळले. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि फाटतो. हे मला मॅन्युअलमध्ये वाचून माहीत होतं, त्याला कुणी सांगितलं होतं ते विचारलं तर म्हणाला, 'फाटलेले लई बघितले.'

पुढच्या खेपेला आजी मागच्या सीटवर उशी घेऊन बसली. धक्के लागलेच. मेलेला रस्ता शॉकअपने जिवंत होत नाही. पण प्रत्येक खड्डा एकदाच लागला, त्याच्या मागून येणारे दोन-तीन हेलकावे आले नाहीत. लिंबाजवळ तिने काच खाली केली. नांदेडला पोचल्यावर पाठीबद्दल काही बोलली नाही, चहा कुठे मिळेल ते विचारलं.

जुने चार शॉकअप मिस्त्रीने कोपऱ्यात टाकले. मी विचारलं, याचं काय होतं? तुटलेला पाटा असता तर लोहाराने मागून नेला असता. ट्रकच्या पाट्याचं पोलाद चिवट असतं, त्याचा ऊसतोडीचा कोयता होतो, कुऱ्हाड होते, आणि वसमतकडच्या उसात ती मागणी कायम आहे. शॉकअपला असा कुणी गिऱ्हाईक नाही. नळी साध्या पत्र्याची, दांडा गुळगुळीत पण बारीक. मिस्त्रीने एकाला भोक पाडून उरलेलं काळं तेल एका डब्यात गाळून घेतलं. ते गेटच्या बिजागऱ्यांना चालतं म्हणाला. बाकीचं वजनावर भंगारात गेलं.